पत्रा आधी कुठे सडतो

एकाच कारखान्यातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन मोटारींपैकी एकीचा तळ चाळीस वर्षांनी पेचकसाच्या टोकाने सहज फुटतो आणि दुसरीचा तळ हातोडी मारली तर खणखणीत वाजतो. जुन्या गाड्यांच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कोणत्याही डेंटरला हे नवीन नाही. कारण विचारले तर उत्तरही तयार असते: पूर्वीचे लोखंडच वेगळे होते, किंवा अमुक कंपनीचा पत्राच भिकार. पुरेसे फ्लोअर कापून आणि पुरेशा सिल उघडून झाल्या की ही उत्तरे मागे पडतात. पत्रा कोणत्या भट्टीतून आला यापेक्षा तो एकदा भिजल्यावर किती वेळ ओला राहिला, हा प्रश्न धंद्यात जास्त उपयोगी पडतो. जुन्या गाड्यांच्या गंजाचे बहुतेक कोडे त्यातून सुटते.

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाणी म्हणजे धो धो पाऊसच असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि तेवढ्यावर गंज सुरू होतो. पत्र्यावर मीठ असेल तर याहून कमी आर्द्रताही पुरते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून धरते. शिवाय गंजणे ही मुळात विजेची क्रिया आहे. एका ठिकाणी लोखंड विरघळते, तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या ठिकाणी पाणी आणि प्राणवायू घेतात, आणि खारे पाणी ही देवघेव सोपी करते. यातली डेंटरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे लोखंड विरघळते ते प्राणवायू कमी असलेल्या जागी. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेल्या सांध्यात, चिखलाच्या ढेपेखाली, रबराच्या पट्टीमागे हवा कमी आणि ओल जास्त असते, म्हणून खड्डा तिथे पडतो. बाहेरचा रंग तोवर शाबूत दिसतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे सांधा आतून फुगतो, वेल्डिंगचे टाके सुटतात, आणि मग कुठे रंगाला पहिला फोड येतो. गिऱ्हाईक त्या फोडाला गंजाची सुरुवात समजते. प्रत्यक्षात तोपर्यंत आतला पत्रा निम्मा खाल्लेला असतो.

‘जुने लोखंड चांगले’ या समजुतीच्या बाजूने दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला हमखास दिला जातो. सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असलेला तो स्तंभ खरोखरच फारसा गंजलेला नाही. पण त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट चिकटणारा संरक्षक थर तयार झाला. दिल्लीची हवाही वर्षातले बरेच महिने कोरडी असते. मोटारीच्या पत्र्याची गोष्ट निराळी. फॉस्फरसने पोलाद कडक आणि ठिसूळ होते आणि मडगार्डसारखे खोल वळणाचे भाग साच्यात दाबताना तडकते, म्हणून अशा पत्र्यात तो मुद्दाम कमी ठेवत. जुन्या गाड्यांना खरा फायदा झाला तो जाडीचा. एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड पत्रा आणि पाऊण मिलिमीटरचा पत्रा एकाच वेगाने गंजले, तरी पहिल्याला भोक पडायला जास्त वर्षे लागतात. लोखंड चांगले होते असे नाही, लोखंड जास्त होते.

दुसऱ्या बाजूला बदनाम लोखंडाच्या कहाण्या आहेत. त्यातली सर्वांत गाजलेली इटलीच्या लॅन्शिया बीटाची. १९७२ साली आलेल्या या गाडीचा इंजिन पेलणारा सबफ्रेम जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा गंजत असल्याचे उघड झाले. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये एवढा बोभाटा झाला की कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. तिथे लॅन्शियाचे नाव त्यातून सावरले नाही आणि १९९४ मध्ये तिने ती बाजारपेठ सोडली. फियाटने सोव्हिएत संघात तोल्यात्ती येथे कारखाना उभारून दिला, त्याचा मोबदला हलक्या रशियन पोलादाच्या रूपाने मिळाला आणि म्हणून इटालियन गाड्या सडल्या, ही गोष्ट जगभरच्या गॅरेजांमध्ये सांगितली जाते. ऐकायला ती छान आहे, पण तिला कागदोपत्री भक्कम आधार नाही. शिवाय त्याच काळातल्या ब्रिटिश आणि जपानी गाड्याही तशाच सडल्या आणि त्यांच्या कंपन्यांनी रशियात काही बांधले नव्हते. सत्तरीच्या दशकातल्या अल्फासूद या इटालियन गाडीच्या पोकळ भागांत फोम भरलेला असे. हेतू चांगला होता, परिणाम असा की आत गेलेला ओलावा तिथेच मुरला. हे उदाहरण रशियन पोलादाच्या कहाणीपेक्षा अधिक शिकवते.

हा सगळा बोभाटा ब्रिटनमध्ये झाला यालाही अर्थ आहे. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते चाकांनी उडून गाडीच्या पोटात बसते. अमेरिकेत तळ खाल्लेल्या जुन्या गाडीसाठी ॲरिझोनासारख्या वाळवंटी राज्यातून पत्रे मागवतात ते यामुळेच. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण कोकणपट्टीवर ते काम समुद्र करतो. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीच्या आवारात वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहिलेली एक फियाट कामाला आली होती. तिच्या समुद्राकडच्या बाजूचे दोन्ही दरवाजे खालून जाळीदार झालेले, आणि इमारतीच्या आडोशाला असलेली बाजू जवळजवळ कोरी. गाडी एकच, पत्रा एकच, मालक एकच. सोलापूर-नगरकडून येणाऱ्या त्याच वयाच्या गाड्यांचा रंग उन्हाने पांढरा पडलेला असतो, रबरे तडकलेली असतात, डॅशबोर्ड फाटलेला असतो, पण खाली पत्रा धड असतो. या व्यवसायात मुरलेला माणूस जुनी गाडी घ्यायला निघाला की घाटावरची चमक गेलेली गाडी पाहतो आणि किनाऱ्यावरची नवा रंग दिलेली गाडी टाळतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढची अनेक वर्षे त्या गाड्या गॅरेजमध्ये येत राहिल्या आणि एक फरक दाखवत राहिल्या. पाणी ओसरल्याबरोबर ज्यांच्या सीट, गालिचे, खालचे नमदे काढून फेकले आणि आतून गोड्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात उघडी ठेवली, त्यांचे फ्लोअर बऱ्यापैकी टिकले. ज्यांनी आधी इंजिन दुरुस्त केले, सीट वरवर वाळवल्या आणि गालिचा तसाच ठेवला, त्यांना दोन-तीन पावसाळ्यांत पायाखालचा रस्ता दिसू लागला. घाबरलेला माणूस इंजिनाकडे धावतो हे स्वाभाविक आहे. पण इंजिन कधीही उघडून बांधता येते, सिलच्या आत मुरलेली खाडीची ओल मात्र परत काढता येत नाही.

आता रचनेकडे. जुन्या पद्धतीच्या गाडीत जाड चॅसी वेगळे आणि त्यावर बॉडी वेगळी असे. नंतर बॉडीच सगळा भार पेलू लागली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ॲम्बेसेडर आणि कुर्ल्यात बनलेली फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, या दोन्ही दुसऱ्या प्रकारच्या. अशा गाडीत ताकद येते ती पत्र्याच्या बंद खोक्यांमधून: दाराखालच्या सिल, पिलर, फ्लोअरखालचे आडवे तुकडे. खोके आतून रंगवणे अवघड, आत गेलेले पाणी बाहेर पडायला दोन-चार भोके, आणि ती भोके चिखलाने किंवा डांबराने बुजलेली. पद्मिनी उचलून पाहायची तर आधी पाहावे ते पुढच्या पायाखालचे फ्लोअर, जॅक लावायची जागा, पिलरचा खालचा टोकाचा भाग, डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा आणि बॅटरीखालचा ट्रे. शेवटच्या ठिकाणी पाण्याबरोबर ॲसिडचेही काम असते. काचेखालच्या जाळीतून पाणी जायची वाट झाडांच्या पानांनी तुंबते, हा आणखी एक ठरलेला प्रकार. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्या बारीक पानांचा काळा लगदा ओंजळीने निघतो, आणि तो निघाला की खालचा पत्राही बरोबर येतो. गिऱ्हाईक आलेले असते ‘काचेतून पाणी गळते’ ही तक्रार घेऊन, आणि गळत असतो तो सडलेला पत्रा.

जीपचे उलटे. तिला गालिचे नाहीत, आतल्या भिंतींना अस्तर नाही, बहुतेक पत्रा दोन्ही बाजूंनी उघडा. ती सगळीकडून भिजते आणि सगळीकडून वाळते. कोकणातल्या जुन्या जीपही त्यामुळे अपेक्षेपेक्षा बऱ्या अवस्थेत मिळतात. तरी युद्धकाळातल्या विलीस जीपमध्ये टबाखालच्या पन्हाळीसारख्या आधारात लाकडी पट्टी घातलेली असते. ती पाणी पिऊन बसते आणि उरलेली जीप धड असताना नेमकी तेवढी रेघ सडते. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये चॅसी वेगळे आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले. गंजण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हे, पण सडलेला भाग खोलून बदलता येतो आणि शेजारच्या पत्र्याला आग लावावी लागत नाही, हा मोठाच फायदा.

कारखान्यात पत्र्यावर काय चढवले यावर पुढची पन्नास वर्षे ठरतात. आधी नुसता प्राइमर फवारत. फवारा जिथे पोचत नाही तिथे पत्रा उघडाच राही. पुढे फॉस्फेटच्या द्रावणाने पत्रा रंग धरण्याजोगा करू लागले. सर्वांत मोठा फरक पडला तो अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्राइमर बसवण्याच्या पद्धतीने. बॉडीला ऋण टोक जोडायची तिची सुधारित रीत सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात पसरली, आणि रंग बंद खोक्यांच्या आतही जाऊन बसू लागला. याच सुमारास जस्त आले. पोर्शे कंपनीने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून बनवली आणि तळ गंजणार नाही याची सहा वर्षांची हमी दिली. ऑडीने ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ऑडी १०० साठी तोच मार्ग धरला. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते, त्यामुळे रंगाला ओरखडा गेला तरी उघड्या पडलेल्या रेघेचे शेजारचे जस्त रक्षण करते. १९७५ ची आणि १९७८ ची ९११ शेजारी ठेवल्यास वरून फरक दिसत नाही. खरेदीदार मात्र दुसरीच्या तळाकडे निश्चिंतपणे पाहतो.

जस्ताची मर्यादा डेंटरच्या हातातच असते. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळून उडून जाते, तर लोखंडाचे वेल्डिंग त्याच्या कितीतरी वर चालते. परदेशातून आलेली जस्ताच्या पत्र्याची एक गाडी अपघातानंतर कुठेतरी गॅसने सांधलेली होती. काही वर्षांनी ती पुन्हा कामाला आली तेव्हा सगळी बॉडी निर्दोष, फक्त सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा तांबडा पट्टा. गॅसच्या ज्योतीने पुढून जस्त जाळले होते आणि खोक्याच्या आतला रंगही जाळला होता. पुढची बाजू लांबी आणि रंगाखाली झाकली गेली, आतली तशीच उघडी राहिली. नव्या तंत्राने गाडी आपोआप टिकते असेही नाही. नव्वदीच्या दशकातल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू २१० मालिकेच्या गाड्या तिच्या आधीच्या डब्ल्यू १२४ पेक्षा जास्त गंजल्या, ही त्या कंपनीच्या चाहत्यांची कायमची दुखरी नस आहे.

लोखंडच टाळून पाहिलेल्यांचाही अनुभव मजेशीर आहे. १९४८ च्या लँड रोव्हरला युद्धानंतरच्या पोलादटंचाईमुळे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची बॉडी मिळाली. ती गंजत नाही, पण चॅसी लोखंडाचेच, आणि जिथे ॲल्युमिनियम लोखंडाला टेकते तिथे ओल मिळाली की ॲल्युमिनियमच पांढरी भुकटी होऊन झडते. १९८१ च्या डिलोरियनचे बाहेरचे पत्रे स्टेनलेस स्टीलचे, खालचे चॅसी साध्या पोलादाचे. बाहेरून लखलखणारी गाडी उचलली की गंज खाली वाट पाहत असतो. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटची कवचे कापसाच्या टाकाऊ धाग्यांना राळेत घट्ट करून बनवलेली, पण आतला सांगाडा पत्र्याचा. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानीने फायबरची डॉल्फिन काढली, तिच्याही खाली लोखंड होतेच. आणि त्याआधीच्या संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस? त्यांच्या बॉडीत लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकलेले असत. त्या गाड्यांना गंजाऐवजी वाळवीची भीती जास्त.

मालक आणि गॅरेज यांचा वाटा शेवटी आला तरी तो थोडा नाही, उलट भारतात तोच निर्णायक ठरतो. इथला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पावसाळ्यात केलेले रंगकाम. पत्रा उघडा करून लांबी भरायची, ती पाणी लावून वॉटर पेपरने घासायची, आणि संध्याकाळी प्राइमर मारायचा, ही रीत बहुतेक ठिकाणी चालते. लांबी पाणी शोषते. दमट हवेत ती एका रात्रीत वाळत नाही, वरून मात्र कोरडी लागते. मग प्राइमरखाली अडकलेले पाणी आपले काम करत राहते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतात. पासिंगच्या आधी घाईघाईने रंगवलेल्या मुंबईच्या टॅक्स्यांमध्ये असे थरावर थर सापडत: रंग, लांबी, गंज, पुन्हा रंग. कापून पाहिल्यावर वर्षे मोजता येतील इतके स्पष्ट. तरीही या टॅक्स्यांचे फ्लोअर कधीकधी जपून ठेवलेल्या गाड्यांपेक्षा बरे निघे. रोज चालणारी गाडी तापते, वारा लागतो, आत गालिच्याऐवजी साधी रबरी मॅट असते, आणि ती रोज उचलून झटकली जाते.

चालणे म्हणजे नीट चालणे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या फेरीत ते वाफ होऊन निघून जाते. आठवड्यातून एकदा सोसायटीच्या आवारात पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करण्याच्या सवयीने ते सायलेन्सरच्या डब्यात साचते आणि डबा आतून सडतो. जपलेल्या गाडीचे सायलेन्सर वारंवार का बदलावे लागते, याचे उत्तर त्या पाच मिनिटांत आहे. कव्हरचेही तसेच. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घालून ती बंद पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणे म्हणजे तिला कुकरमध्ये ठेवणे. छप्पर असलेली, बाजूंनी उघडी जागा पुष्कळदा चांगली.

तळाला डांबरासारखे जाड कोटिंग मारून निर्धास्त होणारे मालक पुष्कळ असतात. नवे असताना ते दगड आणि चिखल अडवते. काही वर्षांनी ते कडक होऊन तडकते, तड्यातून पाणी आत जाते आणि वरून काळेभोर तुकतुकीत दिसणाऱ्या थरामागे पत्रा कुणाला न दिसता खाल्ला जातो. असे कोटिंग खरवडताना हातात येणारा काळ्या पापुद्र्यामागचा तांबडा भुगा हे या कामातले नेहमीचे दृश्य आहे. जुन्या मिस्त्रींची तळाला जळके ऑइल मारण्याची रीत त्यापेक्षा पत्र्याला कमी घातक, कारण ते मऊ राहते आणि फटीत शिरते. पण ते रबराची बुशिंग खराब करते, ब्रेकच्या जवळ धोक्याचे असते आणि गटारात उतरते, तेव्हा तिची शिफारस करण्याचे कारण उरत नाही. पोकळ भागांसाठी बनवलेले पातळ मेण लांब नळीने सिल आणि पिलरच्या आत फवारणे हा आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. त्याआधी पाण्याची भोके तारेने मोकळी करावीत, आतला चिखल धुऊन काढावा आणि गाडी पूर्ण वाळू द्यावी. मेणाचा थर ओल्या पत्र्यावर बसला तर ओल आतच राहते. म्हणून मुंबई-कोकणात हे काम एप्रिल-मेमध्ये करतात, ऑगस्टमध्ये नाही. फवारल्यावर भोके पुन्हा एकदा तारेने तपासावीत, कारण गोठलेले मेणच ती बुजवून टाकते.